अर्जदार हात वापरत नाही

८ जानेवारी

प्रिय मावशी,

लांबूनच नमस्कार. जवळ असतो तर हे वाचून तू पाठीत धपाटा घातला असतास, म्हणून लांबून.

बातमी अशी आहे, की मी नर्सिंग कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज करतोय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. नसेल झालं तर पत्र टेबलावर ठेव, सावकाश हसून घे, पत्र कुठे पळून जात नाही. फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि अशी बातमी ओरडून सांगितली असती तर आमच्या गल्लीला तुझ्याआधी कळली असती.

माझी योग्यता तुला माहीतच आहे. बारा वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून काढली. स्टिअरिंग शिकाऊच्या हातात, गिअर शिकाऊच्या हातात, माझ्याकडे फक्त पायाखाली एक जादा ब्रेक आणि जिभेवर 'सावकाश, सावकाश'. लोक गाडी शिकतात, हात हलवून निघून जातात, आणि मी तिथेच बसलेला असतो. इतका प्रवास करून कुठेच न पोचलेला माणूस आपल्या घराण्यात दुसरा नसेल.

कॉलेजाच्या अटी मी आरशावर चिकटवल्यात, म्हणजे दाढी करताना रोज अपमान होतो. बारावीला जीवशास्त्र हवं. आहे, पण त्या विषयात मला पास करताना गुरुजींनी डोळे मिटून घेतले असणार. प्रवेश परीक्षा आहे. डॉक्टरांचा दाखला हवा, लशी टोचलेल्या हव्यात, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा, नात्यात नसलेल्या दोघांची शिफारस हवी. एखाद्या शुश्रूषा केंद्रात काही आठवडे विनामोबदला सेवा करायची आणि तिथल्या प्रमुखांनी लेखी शेरा द्यायचा. शेरा चांगला नसेल तर बाकीचे कागद कोणी उघडूनही बघत नाही. मग मुलाखत. आणि वयाची अट अशी, की ती मला येत्या ऑक्टोबरात गाठते. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर मी आहे आणि माझा ब्रेक आहे.

का, असं तू विचारशीलच. आई शेवटचे महिने अंथरुणावर होती तेव्हा सुरुवातीला ती मला हात लावू देत नव्हती. मुलाने आईची पाठ पुसायची हे तिला कसंसंच वाटायचं. मग एक दिवस ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पाणी जरा कोमट हवं होतं." परवानगी मिळाली हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर तिला कुशीवर वळवणं, चादर बदलणं, टाचांखाली उशी देणं, हे सगळं मी करत गेलो आणि मावशी, ते मला जमत होतं. मला काहीतरी जमतंय याची सवय नसल्यामुळे आधी ओळखूच आलं नाही. ती गेल्यावर घरात हातांना कामच उरलं नाही. तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

तू इतकी वर्षं मेट्रन होतीस. खरं काय ते सांग. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
ठोंब्या

१७ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

मी हसले नाही. आयुष्य वॉर्डात घालवलेल्या बाईला हसायला याहून मोठं कारण लागतं. सूनबाईला मात्र मी पत्र वाचून दाखवलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन हसून आली. तिला वाटलं मला कळलं नाही. मला ऐकू कमी येतं, दिसतं व्यवस्थित.

आधी अटींचं बोलू. शिफारसपत्र मी देऊ शकत नाही, कारण मी नात्यातली. देता आलं असतं तरी तुझं काम पाहिल्याशिवाय दिलं नसतं. मी ओळखीवर कोणाला घेतलं नाही आणि ओळखीवर कोणाला पाठवणारही नाही. जीवशास्त्र पुन्हा पहिल्या पानापासून वाच. डोळे मिटून पुढे पाठवायला आता तुझे गुरुजी नाहीत.

नखं काप. तुझ्या आईच्या दिवसकार्याला आले होते तेव्हा तुझी नखं मी पाहिली आहेत.

आता तुझ्या स्वभावाचं. तू फार बोलतोस. गाडीत ते ठीक आहे, शिकाऊ घाबरलेला असतो, त्याला आवाज लागतो. रोग्याला तुझा आवाज लागत नाही. "कसं वाटतंय" असं विचारलंस तर उत्तर येईपर्यंत गप्प उभा राहा, ते उत्तर यायला कधीकधी फार वेळ लागतो. आणि स्वतःची टिंगल करायची तुझी खोड आहे, ती पत्रात चालते. रोग्याला असा माणूस हवा असतो ज्याच्या हातावर त्याचा भरवसा बसेल. तूच तुझ्या हातांना हसलास तर त्याने कोणाकडे बघायचं?

तुझी आई मला म्हणाली होती, ठोंब्याचा हात हलका आहे. हे मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच डोक्यावर बसला असतास. आता सांगते, कारण अर्ज करतोयस.

कर अर्ज.

मावशी

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नखं कापली. जीवशास्त्र सुरू आहे. हृदयाला चार कप्पे असतात हे पुन्हा कळलं, आणि त्यातला कुठला कशाचा हे पुन्हा विसरलो. रक्ताचा मार्ग मात्र मी रस्त्याचा नकाशा समजून पाठ केलाय. एकेरी वाहतूक, उलटं यायचं नाही, झडपा म्हणजे सिग्नल. अशाने पास होईन असं वाटतंय.

चारित्र्याच्या दाखल्यासाठी चौकीत गेलो. टेबलामागे जो हवालदार बसला होता त्याला मीच गाडी शिकवली होती आणि तो परीक्षेत लागोपाठ नापास झाला होता. त्याने माझा अर्ज वर धरला, खाली धरला, आणि म्हणाला, "सावकाश, सावकाश." मला तासभर बाकावर बसवून मग सही केली. माझं चारित्र्य चांगलं आहे असं सरकारदरबारी ठरलंय, हवालदाराचं मत वेगळं आहे.

डॉक्टरांनी एका पायावर उभं राहायला सांगितलं. राहिलो. लस टोचताना मी इतका बोलत होतो, की टोचणारी बाई म्हणाली, "झालं केव्हाच, आता उठा." तुझी आठवण झाली.

आणि सोमवारपासून शुश्रूषा केंद्रात जायला लागलोय. इमारत तीनमजली, लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी, जिन्याच्या कठड्याला इतके हात लागलेत की लाकूड साबणासारखं गुळगुळीत झालंय. प्रमुख आहेत त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण समोर आल्या की मीच खाली बघतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला चाकांच्या खुर्च्या जेवणाच्या खोलीत आणायला सांगितलं. मी सगळ्या खुर्च्या मागे घेत एका रांगेत लावल्या, निघताना सोपं पडावं म्हणून. सिस्टरनी रांगेकडे पाहिलं. सगळ्या म्हाताऱ्यांची तोंडं खिडकीकडे आणि ताटं पाठीमागे. पुन्हा वळवल्या.

माझ्या वाट्याला एक आजोबा आलेत, पूर्वीचे सुतार. झटका आल्यापासून उजवी बाजू लुळी आहे. बोलण्यातले थोडेच शब्द राहिलेत, त्यात 'नको' सगळ्यात ठणठणीत. पहिल्या दिवशी मी चमचा त्यांच्या तोंडाजवळ नेला तर 'नको'. दुसऱ्यांदा 'नको'. मग मी मला येतं ते केलं. चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिलो. निम्मं सूप शर्टावर गेलं. पण मावशी, तो माणूस पूर्ण वाटी जेवला, आणि संपल्यावर त्यांनी चमचा टेबलाच्या कडेला अगदी सरळ रेषेत ठेवला, जसा ते पटाशी ठेवत असतील.

बाकीची ताटं धुऊन झाली तरी आमचं चालूच होतं. मदतनीस बाया वैतागल्या. सिस्टर म्हणाल्या, "हळू आहात." मी म्हटलं, बारा वर्षांचा अनुभव आहे.

तुझा,
ठोंब्या

४ मार्च

प्रिय ठोंब्या,

अक्षर वेगळं दिसेल. माझा चष्मा फुटलाय, म्हणून सूनबाईकडून लिहून घेते आहे. पत्र मिळालं. उशीर झाला.

अभ्यास चालू ठेव. सुताराबद्दल आणखी लिही.

मावशी

१२ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून आधी वाटलं तू रागावलीस. मी लिहिलेल्या पानभर पराक्रमांना चार ओळींचं उत्तर, तेही वहिनींच्या गोल गोल अक्षरात. मग चष्म्याचं कळलं. सोबत गळ्यात अडकवायची दोरी पाठवतोय, नवा चष्मा आला की लाव, म्हणजे पडणार नाही. निळी घेतली, तुझ्या जुन्या युनिफॉर्मच्या पट्ट्यासारखी.

आता सुताराबद्दल लिहितो. तू विचारलं नसतंस तर लिहिलं नसतं.

आमची चांगली गट्टी जमली होती. ते जेवायचे, मी शेजारी. गप्प बस असं तू बजावलं होतंस, आणि मी तीन दिवस गप्प बसलोही. चौथ्या दिवशी राहवलं नाही. बटाट्याचा तुकडा त्यांनी चमच्यावर घेतला, तोंडापर्यंत नेण्यात इतका वेळ गेला, की मी म्हटलं, आजोबा, तुमच्यापेक्षा हळू जाणारा एकच माणूस मी पाहिलाय. माझा शिकाऊ होता. त्याला मागून सायकलवाल्याने गाठलं, पुढे जाताना पत्ता विचारला, आणि तो पत्ता सांगत असताना सायकलवाला उतरून चालत गेला.

आजोबा हसले. माझ्या विनोदाला आजवर कोणी इतकं हसलं नव्हतं. घास तोंडात होता.

आवाज बंद झाला. हात टेबलावर आपटला, डोळे मोठे झाले, ओठांचा रंग बदलायला लागला. मला सगळं दिसत होतं, मावशी, सगळ्यांच्या आधी दिसलं. आणि मी काय केलं? माझा उजवा पाय दाणकन फरशीवर आदळला. अंग मागे रेलून, दातांवर दात दाबून, मी जीव खाऊन ब्रेक मारत होतो. तिथे फरशी होती. सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून धावत आल्या, आजोबांना पुढे वाकवलं, दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात मारलं, पुन्हा मारलं, बटाटा बाहेर आला. आजोबा खोकले, रडले. मी तोवर ब्रेक दाबून बसलो होतो. पाय उचलायला सुद्धा सिस्टरना सांगावं लागलं.

हे मी विनोदी करून लिहितोय, कारण दुसऱ्या कुठल्या प्रकारे लिहायला मला येत नाही. पण मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आईच्या वेळी असं झालं असतं तर?

संध्याकाळी सिस्टरनी शेरा लिहून हातात दिला. 'अर्जदारास धोका लवकर कळतो. मात्र अर्जदार प्रसंगी हात वापरत नाही. तूर्त शिफारस नाही.' वर म्हणाल्या, "वाईट माणूस आहात असं मी लिहिलेलं नाही." ते खरंच आहे, आणि त्याचाच त्रास होतोय.

आता एक विचारायचं आहे. माझा एक जुना शिकाऊ छोट्या दवाखान्याचा व्यवस्थापक आहे. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, त्यात काय, आमच्या लेटरहेडवर देतो, सहा आठवडे उत्तम सेवा केली म्हणून. माणूस माझ्याकडेच गाडी शिकलाय, उपकार फेडायला बघतोय. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली आहे. यंदा राहिलं तर कायमचं राहिलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही.

तुझा,
ठोंब्या

२० मार्च

ठोंब्या,

प्रिय वगैरे नंतर बघू.

तो कागद घेणार असशील तर यापुढे मला पत्र लिहू नकोस. एका खोट्या कागदावर तू वॉर्डात शिरणार, आणि तिथे असा कोणी पडलेला असणार ज्याला पळून जाता येत नाही. तुझा पाय आपटला याबद्दल मला राग नाही. पहिल्या प्रसंगाला मी औषधाचा ट्रे हातात धरून उभी राहिले होते, एका म्हाताऱ्या आयाने मला ढकलून बाजूला केलं होतं. शरीराला जे शिकवलं तेच ते करतं, तू त्याला ब्रेक शिकवलास. आता दुसरं शिकव. सिस्टरकडे परत जा, मला शिकवा म्हण. नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी परत जा.

आणि नीट ऐक. उजवी बाजू लुळी असलेल्या माणसाला जेवायला देताना आधी ताठ बसवायचं, पाठीला उशी. घास लहान. गिळताना हनुवटी खाली. एकदा गिळून झालं की पुन्हा एकदा नुसतंच गिळायला सांगायचं. मग उजवा गाल तपासायचा. तू त्याच्या डाव्या बाजूला बसत असशील, चमचा डाव्या हातात आहे म्हणून. चूक आहे. लुळ्या बाजूला बस. त्या गालात घास अडकून राहतो आणि आपल्याला कळतसुद्धा नाही, जीभ तिकडे जातच नाही, दुसऱ्याने सांगितल्यावर कळतं आणि मग फार कानकोंडं होतं. जेवणाऱ्याला हसवायचं नाही. घाई तर मुळीच करायची नाही, भरवणाऱ्याला वाटतं आपण मदत करतोय, इकडे पहिला घास गिळायच्या आत दुसरा दारात उभा.

सुतार स्वतःच्या हाताने पूर्ण वाटी जेवला ना? शर्ट धुता येतो.

मावशी

भावोजी, मी वहिनी. तुमची दोरी मिळाली, सुंदर आहे. चष्मा अजून दुरुस्त झालेला नाही असं लिहायला सासूबाईंनी सांगितलं आहे. म्हणून लिहिलं आहे.

२९ एप्रिल

प्रिय मावशी,

आधी कागदाचं. दवाखान्यातल्या माणसाला नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं, मला जास्त वाटलं.

सिस्टरकडे गेलो. पहिल्या दिवशी त्या नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर त्यांनी विचारलं, "कोणी पाठवलं?" मी म्हटलं, मावशीने, मेट्रन होती. त्या म्हणाल्या, "तरीच." आणि मला आत घेतलं. आजोबा जेवणाच्या टेबलाशी होते. मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी चांगल्या पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. मी तिथे बसलो, आणि तुझं ऐकून पुन्हा उठून उजव्या बाजूला जाऊन बसलो.

सिस्टरनी माझ्यासाठी एक उंच स्टूल आणलं आणि पाय आडव्या दांडीवर ठेवायला लावले, म्हणजे जमिनीपर्यंत पोचायलाच नकोत. मी तिथे पोपटासारखा बसायचो, सगळा हॉल बघायचा. दुपारी गुंडाळलेली गादी खुर्चीत बसवून मी तिच्या पाठीत मारायचो. पुढे वाकव, छातीला आधार, तळहात, पुन्हा. एक मदतनीस बाई म्हणाली, "गादीने तुमचं काय घोडं मारलंय?" रात्री झोपेतसुद्धा माझा हात उशीवर पडायला लागला. जेवणाचंही आम्ही ठरवून टाकलं. पहिले काही घास आजोबांचे त्यांनी घ्यायचे, कितीही वेळ लागो. ते दमले, की विचारायचं, आणि 'बरं' म्हणाले तरच मी भरवायचं. मदतनीस बायांनाही ते पटलं, कारण ताटं आता निदान त्याच दिवशी धुतली जातात.

मग एकदा जेवताना त्यांना ठसका लागला. मी काही ठरवायच्या आत माझा एक हात त्यांच्या छातीवर आणि दुसरा पाठीवर होता. साधाच ठसका होता. आजोबांनी वळून असं पाहिलं, जणू मी त्यांना विनाकारण मिठी मारतोय. सिस्टर म्हणाल्या, "खोकता येत असेल तर मारायचं नाही, खोकू द्यायचं. पण हात पोचला." आणि जुना शेरा न खोडता त्याच्याखाली लिहिलं, 'आता वापरतो. शिफारस आहे.'

अर्ज शेवटच्या दिवशी पोचला, आणि प्रवेश परीक्षेत रक्ताच्या एकेरी वाहतुकीने मला तारलं. मुलाखतीला तिघं होते. प्राचार्यांनी दोन्ही शेरे मोठ्याने वाचले आणि विचारलं, "आधी काय वापरत होता?" पाय, असं मी म्हटलं. मग सगळं सांगावं लागलं. ते हसले. मीही हसवत होतो, आणि मधेच मला तुझं वाक्य आठवलं, तूच तुझ्या हातांना हसलास तर. मी थांबलो. म्हटलं, यात मी एका माणसाचा जीव घालवणार होतो, ते हसण्यासारखं नाही. मग कोपऱ्यातल्या बाईंनी विचारलं, वॉर्डात पुष्कळ रोगी असतात, तुम्ही प्रत्येकाजवळ असे बसून राहणार का? मी म्हटलं, नाही जमणार. पण पहिला घास ज्याचा त्याने घ्यावा इतका वेळ काढता येईल असं वाटतं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

यादी काल लागली. मी वरून वाचायला सुरुवात केली, नाव सापडेना. शेवटच्या ओळीत होतं, त्याखाली शिक्का. मागून पहिला आलोय, मावशी. मी फाटकाबाहेर जाऊन कठड्यावर बसलो आणि रडलो. आई असती तर तिला सांगितलं असतं. ती नाही, म्हणून तुला सांगतोय.

आता तुझं. वहिनींची ती ओळ मी खूप वेळा वाचली. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. 'आपल्याला कळतसुद्धा नाही' हे मेट्रनचं वाक्य नाही. मी दादाला फोन केला. तो आधी चष्म्याचंच पुढे ओढत होता, मग म्हणाला, फेब्रुवारीतच झटका आला, उजवा हात गेलाय, चालते धरून धरून, आणि आईने शपथ घातली होती की ठोंब्याची मुलाखत होईपर्यंत त्याला कळता कामा नये.

मी तुझ्यावर रागावलोय. तू तिथे तशी पडलेली आणि मी तुला इथून सायकलवाल्याचे किस्से लिहितोय, चष्म्याची दोरी पाठवतोय. मला सांगितलं असतंस तर मी सगळं सोडून आलो असतो. म्हणूनच सांगितलं नाहीस, हे कळतंय. तरी रागावलोय.

कॉलेज जूनच्या मध्याला सुरू होतं. न विचारता आलो तर तू दारातून हाकलशील, म्हणून विचारतो. येऊ का?

तुझा,
ठोंब्या

९ मे

प्रिय ठोंब्या,

हे मी स्वतः लिहिते आहे, डाव्या हाताने. रोज थोडं थोडं. वाचता आलं नाही तर पुन्हा वाच.

मागून पहिला, ठीक आहे. मी स्वतः मधे कुठेतरी होते. तुझ्या आईला सांगितलं असतंस तर ती रडली असती, मी रडणार नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही.

रागावलास तर रागाव. मी लपवलं, कारण सगळे माझ्याशी आता ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात तू लिहायला लागला असतास. इतक्या दिवसांत माझ्याशी पूर्वीसारखा फक्त ठोंब्याच बोलत होता.

सूनबाई मला भरवते. फुंकर घालून भरवते, तोंड पुसते, एक घास चुकत नाही. इतकं प्रेमाने करते की मला काही म्हणता येत नाही. मी तोंड उघडते, घास येतो. झालं जेवण. तुझ्या सुताराचं पत्र तिनेच मला वाचून दाखवलं, आणि पूर्ण वाटीपाशी आल्यावर मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. तिने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. चमचा माझ्या हातात द्यायचं तिच्या मनात आलं असावं, पण मला ठसका लागेल या भीतीने तिने दिला नाही, आणि मी मागितला नाही. आम्ही दोघी शहाण्या.

मी घाबरते, ठोंब्या. गिळताना घाबरते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. किती जणांना मी म्हटलं असेन, घाबरू नका, काही होत नाही.

तर ये. कॉलेज सुरू व्हायच्या आधी ये, आणि पाहुणा म्हणून येऊ नकोस. सूनबाईला मी सांगितलंय, ती बरं म्हणाली, तिलाही शिकायचंय. माझ्या उजव्या बाजूला बस, हात मोकळे ठेव, आणि मी जेवत असेन तोवर एक शब्द बोलू नकोस. सांडेल, तर सांडू दे.

मला माझ्या हाताने जेवायचं आहे.

तुझी,
मावशी